न थांबलेला मुखडा

पितळ घासण्याच्या पावडरीचा वास आला की मला अमळनेरच्या कॉलेजातील तो कार्यक्रम आठवतो. सिम्फनिक मेटल म्हणजे दणदणीत गिटार आणि ड्रम यांना संपूर्ण वाद्यवृंदाची जोड. माझी एक माजी विद्यार्थिनी तशा संगीताच्या गटात गात असे आणि त्या दिवशी तो गट जुनी लोकप्रिय गाणी सादर करणार होता. वाद्यवृंद म्हणून तिने वडिलांचा लग्नातला बँडच, नुकत्याच घासलेल्या पितळी वाद्यांसह, उभा केला होता. वडील त्या बँडचे मास्तर; तालमी त्यांनीच घेतल्या, पण कार्यक्रमाच्या महिनाभर आधी ते अचानक वारले. तिची आई माझ्या शेजारी बसली होती. “बठ्ठा कालवाच शे, यामा गानं कोठे शे?” सगळा गोंगाटच, यात गाणं कुठे, असे ती अहिराणीत पुटपुटली. गाणे संपले, गिटार थांबल्या; बँड मात्र मुखडा वाजवतच राहिला. वरातीत मास्तरांचा हात वर झाल्याशिवाय थांबायचे नाही, हीच त्या माणसांची शिस्त. मुले हसू लागली. “नाना, संपलं!” गिटारवाला ओरडला. क्लॅरिनेटवाल्या नानांनी डोळे उघडले नाहीत. मुलगी वळून त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने तोच मुखडा पुन्हा, अगदी हळू आवाजात गायला आणि शेवटच्या सुरावर उजवा हात वर केला. सारा बँड एकदम थांबला. “हात बी त्यास्नाच शे,” हातही मास्तरांचाच, असे आई म्हणाली आणि महिनाभरात पहिल्यांदाच रडली. वर्ग शांत करण्यासाठी मी रोज हात वर करतो. त्या दिवसापासून मात्र क्षणभर थांबून करतो.