एकाआड एक

आई गेल्यावर मी बाबांना परभणीकडच्या गावाहून शहरात, नल्लकुंट्याला माझ्या घरी आणलं. सारं आयुष्य कापसाच्या शेतात काढलेला माणूस. इथे आल्यावर एकेक विसरत गेले: आपण जेवलो का, आई कुठे आहे, समोर उभी आहे ती बाई कोण. काचीगुड्याचं स्टेशन तेवढं पक्कं ध्यानात राहिलं, कारण गावाकडची गाडी तिथून सुटते. दोनदा ते पंच्यात चार कपडे बांधून फलाटावर जाऊन बसले. दुसऱ्या वेळी सापडेपर्यंत संध्याकाळ झाली होती.

मग गेटला कुलूप लावलं. ते गज धरून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे, "तेवढं सोडा की हो मला." बापाला असं कोंडून ठेवणं माझ्यानं होईना. तेव्हा कुणीतरी सांगितलं, अशा माणसांना दार दिसलं नाही तर ती उठत नाहीत. मला पटलं. व्हरांड्यातली त्यांची खुर्ची आणि गेट यांच्यामध्ये हिरवं कुंपण लावायचं, वाट बाजूने वळवायची, म्हणजे गेटची कडी नजरेआड होईल.

काटे नकोत म्हणून बॉक्सवूड घेतलं. रोपं गुडघ्याएवढीही नव्हती. नर्सरीवाल्यानं दोन रोपांत दीड फूट ठेवायला सांगितलं होतं, आणि मी वीत-वीतभर अंतरावर खड्डे आखून बसले. त्यानं कपाळाला हात लावला. "अम्मा, इत्ते नजदीक नक्को लगाओ. दो साल में एक कू एक खा जाते."

"मेरेकू जल्दी होना," मी म्हटलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! दोन वर्षांनी बाबा असतील की नसतील, हा विचार तेव्हा मनात येऊन गेला होता. तोही कबूल करते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अर्धं कुंपण उपटलेलं. बाबा उकिडवे बसले होते, हात कोपरापर्यंत मातीत. काढलेली रोपं सावलीत ओळीनं ठेवली होती आणि मुळांवर माझा ओला टॉवेल पांघरला होता. "लई दाट झालंय, माय," ते म्हणाले. "विरळणी करावं लागतंय. एकाआड एक."

मला फक्त सांडलेली माती दिसली. बडबड करत मी सगळी रोपं पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तीच काढली, एक न चुकता. तिसऱ्यांदा ते मुळाशी हात घालताहेत हे पाहून माझं डोकं फिरलं. मी फाडकन त्यांच्या हातावर मारलं.

ते हाताकडे बघत राहिले. मग उठून उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि खाली बघत म्हणाले, "चुकलं मालकीणबाई. आता न्हाई हात लावत." जन्मात कधी दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला न गेलेला माणूस.

मला रडू आलं, पण माफी मागितली नाही. कामं पडली होती, आणि मागून तरी काय, त्यांना कुठे आठवणार आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्यानंतर बाबा गेटकडे गेले नाहीत. कुलूप काढलं तरी नाही. दिवसभर खुर्चीत, हात मांडीवर. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, कुंपणानं काम केलं बघा. पुढच्या थंडीत ते गेले.

यंदा कुंपण मधूनमधून पिवळं पडायला लागलं. नर्सरीवाला आला, फांद्या बाजूला करून आतली काळी, वाळकी पानं दाखवली आणि म्हणाला, "बोला था ना अम्मा. एक छोड के एक निकालो." मी स्वतःच खणायला बसले. कुठली काढायची ते मला विचारावं लागलं नाही. काढलेल्यांच्या मुळांवर ओला टॉवेल टाकला.

दमून त्यांच्या खुर्चीत बसले. समोर रोपांच्या शेंड्यांवरून गेटची कडी स्वच्छ दिसत होती. आता रोपं कमरेला लागताहेत, तरी दिसत होती. बाबा होते तेव्हा रोपं गुडघ्याच्याही खाली होती.

म्हणजे कडी त्यांना रोज दिसत होती, अगदी शेवटपर्यंत. कुंपणानं त्यांना एक दिवसही अडवलं नव्हतं. मालकीणबाई मारतील म्हणून ते बसून राहिले होते.