ऑक्सिजनची खंडेनवमी

आता तुमच्यापासून काय लपवायचं? आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटचा स्फोट होता होता राहिला, आणि तो घडवून आणणारी मी होते. तेही साग्रसंगीत, हळदकुंकू वाहून!

तुम्ही म्हणाल, ही तोंडातून शब्द न काढणारी नवी सून, ही काय स्फोट करणार? तिथंच तर घोळ आहे. मी बोलत नाही, नुसती मान हलवते. समोरच्याला वाटतं, हिला सगळं समजलं.

अमेयलाही तसंच वाटलं. अमेय म्हणजे माझा नवरा. एरवी अंबडच्या कारखान्यात इंजिनिअर आणि सुट्टीत समुद्राच्या तळाशी. बघण्याच्या कार्यक्रमात आम्हाला "जरा बोलून घ्या" म्हणून गच्चीवर पाठवलं. दुसरा कोणी असता तर विचारलं असतं, स्वयंपाक येतो का, नोकरी करणार का. हा सुरू झाला, "खोल पाण्यातून सरळ वर येता येत नाही. थांबत थांबत यायचं, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात. त्या थांब्यांवर वेगळा गॅस ओढायचा असतो. एका सिलिंडरमध्ये तर शुद्ध ऑक्सिजन! तो चुकून जास्त खोलीवर ओढला की झटके येतात. पाण्यात झटके आले म्हणजे संपलंच. म्हणून आपला गॅस आपण मोजायचा आणि आपल्या हाताने सिलिंडरवरच्या पट्टीवर लिहायचा. पट्टी नाही, तर डायव्ह नाही!"

मी मान हलवली. ऐकू सगळं येत होतं, पण मी त्याच्या कानांकडे बघत होते. बोलताना हलतात हो ते!

लग्न झालं. बेडरूमच्या कोपऱ्यात, माझ्या नव्या कपाटाला खेटून, दोन उंच सिलिंडर सवतीसारखे उभे होते. अमेयचा खोल डायव्हिंगचा मोठा कोर्स संपत आला होता. राहिली होती फक्त शेवटची परीक्षा, खऱ्या समुद्रात, बोटीने पार आत जाऊन. आदल्या वर्षी समुद्र खवळलेला म्हणून ती हुकली होती. या वेळी दसऱ्याला सोनं वाटायचं आणि थेट समुद्राकडे सीमोल्लंघन करायचं, असं ठरलं होतं. झोपेतसुद्धा तो हाताने पाण्याखालच्या खुणा करायचा.

खंडेनवमीला सकाळी तो कारखान्यात गेला, मशीनच्या पूजेला. इकडे सासूबाई झेंडू ओवता ओवता म्हणाल्या, "अगं सायली, तिकडे कंपनीच्या मशीनला हार घालतोय, आणि ज्याच्या जिवावर पाण्यात उतरायचं ती नळकांडी तशीच! कर बरं त्यांची पूजा."

माझा चेहरा उजळला! कारण विचारा की. माझे अप्पा मालेगावचे. लूमचे सुटे भाग बनवायचं त्यांचं वर्कशॉप आहे. खंडेनवमीला आमच्याकडे लेथपासून पान्यापर्यंत सगळं धुऊन, पुसून, तेल लावून आरशासारखं होतं, आणि लहानपणापासून हे खातं माझं. सासरी येऊन पोळी काही गोल होईना, पण हे? हे मला येतं!

तरी खात्री केलेली बरी म्हणून अप्पांना फोन लावला.

"अप्पा, सिलिंडरची पूजा आहे. तेल लावू का?"

"लोखंड शे ना ते? मंग इचारस काय? लाव तेल!"

झालं. मी पदर खोचला.

सिलिंडर फडक्याने पुसले. त्यावर कळकट चिकटपट्ट्या होत्या, कोणीतरी गिचमिड अक्षरात आकडे खरडलेल्या. दुकानदाराच्या असणार, म्हटलं. ओढून काढल्या. चिकटा राहिला. चिकटा कशाने जातो? खोबरेल तेलाने! कुठल्याही गृहिणीला विचारा. मग खालपासून वरपर्यंत मालिशच केलं. वरचा नळ जरा कोरडा वाटला, तेव्हा टोपण काढून त्याच्या तोंडात दोन थेंब सोडले. अप्पा म्हणतातच, यंत्राच्या तोंडाला तेल हवं. मग हळदकुंकू, स्वस्तिक, झेंडूचा हार, आणि समोर निरांजन. मागे माझा हिरव्या बांगड्यांचा हात, अशा थाटात फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

काकू, मावश्यांचे नमस्कार यायला लागले, तोच अमेयचा फोन.

"निरांजन विझव!"

"अं?"

"दिवा विझव आधी! नळाला हात लावू नकोस! आईला घे आणि खाली जा! पळ!"

मी मान हलवली. फोनवर. मग भान आलं आणि निरांजनावर फुंकर मारली.

सासूबाई कडाडल्या, "अगं अगं! नवरात्रात दिवा फुंकतात का? आणि 'विझव' काय म्हणतो हा, 'शांत कर' म्हणावं!"

"आई, सिलिंडर... खाली चला."

एवढंच जमलं मला बोलायला. पण सासूबाईंना तेवढं पुरलं! जिन्यात त्यांनी प्रत्येक दार ठोठावलं, "सिलिंडर, सिलिंडर!" लोकांनी स्वयंपाकाचे गॅस बंद केले, कोणी कढई हातात घेऊन, कोणी अर्ध्या दाढीने, सगळी बिल्डिंग आवारात जमली. वॉचमन तर शिट्टीच थांबवेना. एकीने मला विचारलं, "वास कसला येतोय गं?" मी हात पाठीमागे घेतले. वास माझाच येत होता. खोबरेलचा.

अमेय आला तो हेल्मेटसकट जिना चढला. मी मागोमाग. दारातूनच त्याने बघितलं.

"खोबरेल?"

"हो."

"नळात पण?"

"दोनच थेंब."

तो खाली फरशीवर बसला. "सायली, शुद्ध ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले, आणि कोणी तो नळ उघडला, तर आगपेटीचीसुद्धा गरज नाही. तू तर समोर दिवाच लावून ठेवलास! आणि माझ्या पट्ट्या कुठायत?"

"कुठल्या? त्या दुकानदाराच्या?"

"दुकानदाराच्या? माझं अक्षर आहे ते!"

आता इंजिनिअरचं अक्षर असं असतं, हे मला कोणी सांगितलं होतं का?

सासूबाई धापा टाकत वर आल्या. "अरे, मग कोरड्या फडक्याने पूस आणि जा. काही होत नाही!"

अमेय हार घातलेल्या सिलिंडरकडे बघत बसला. फडकं त्याच्या हाताशीच होतं. पुसलं असतं तर कोणाला कळलं असतं? वर्षभराची वाट, आणि दसऱ्याच्या सुट्टीत दुसरे सिलिंडर भरून देणार कोण? त्याचे कानसुद्धा हलत नव्हते.

मग त्याने फोन उचलला आणि त्याला शिकवणाऱ्या सरांना सगळं सांगितलं. स्पीकरवर. हळदकुंकवासकट.

पलीकडून आवाज आला, "तेल कोणी लावलं?"

"बायकोने, सर. माहेरी वर्कशॉप आहे. मालेगाव."

"मग तिने बरोबर लावलंय. चूक तुझी. गॅस तुझा, पट्टी तुझी, कुलपात ठेवायची जबाबदारीही तुझी. या वेळी तू येत नाहीयेस. सिलिंडर उघडू नकोस, उन्हात ठेवू नकोस, माझा माणूस येऊन नेईल. आणि हे बघ, गुपचूप पुसून आला असतास ना, तर तुला कधीच पाण्यात घेतलं नसतं. पुढच्या तुकडीत ये." आणि शेवटी म्हणाले, "तो फोटो मला पाठव."

मी हळूच म्हटलं, "सॉरी."

"गच्चीवर सांगितलं होतं मी तुला हे सगळं," अमेय म्हणाला. "तू मान हलवली होतीस!"

"तेव्हा मी तुझे कान बघत होते."

आधी सासूबाई हसल्या. मग तो. कानांसकट.

पुढच्या तुकडीत अमेय पास झाला. परत आला तो मास्कने दाबून फुगलेलं नाक आणि एक बातमी घेऊन. सरांच्या वर्गात सुरक्षेचा धडा आता माझ्या फोटोने सुरू होतो. झेंडू, निरांजन, हिरव्या बांगड्या. मला पोहतासुद्धा येत नाही, पण खोल समुद्रात उतरणारा प्रत्येक जण आधी माझा हात बघून जातो!

आणि सरांनी नियमांत भरही घातली आहे म्हणे. नव्या विद्यार्थ्याला आधी विचारतात, दमा आहे का? कान दुखतात का? मग विचारतात, बायकोचं माहेर कुठलं?

मालेगाव म्हटलं, की सिलिंडर सरांच्या कुलपात!