दुपारची बाग

तोंडाशी नेलेला घास खाली ठेवायला लावून मी एका बाईला उठवलं आहे. हे आधी सांगून टाकतो, कारण माझ्याबद्दल जे बोललं आणि छापलं जातं त्यात ते कुठेच येत नाही. तिथे मी 'झाडवाला आमदार' असतो. पारशिवनीकडे जंगलाला लागून रिसॉर्ट होऊ न देणारा, शहरातल्या एकाही मैदानाचं आरक्षण उठू न देणारा. ते सगळं खरं आहे आणि त्याबद्दल मी आजही कोणापुढे मान खाली घालणार नाही.

आमच्या शहरात, धंतोली भागात, दवाखान्यांच्या गर्दीत एक मोकळी जागा होती. जुने कडुनिंब, खाली धुळीचं मैदान. विकास आराखड्यात ती उद्यानासाठी राखलेली. माझ्या पहिल्याच टर्ममध्ये तिथे बहुमजली पार्किंग करायचं ठरलं. बिल्डर आणि माझ्याच पक्षातले वजनदार लोक एका बाजूला होते. मी त्या झाडांखाली ठाण मांडलं. विधानसभेत बोललो, पक्षाच्या बैठकीत शिव्या खाल्ल्या, पण आरक्षण हलू दिलं नाही. पार्किंग रद्द झालं.

मग मी मालक असल्यासारखा वागलो. माझ्या निधीतून तिथे ग्रिल लावलं, लॉन घातलं, चालायला ट्रॅक केला. रोज सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळाने सुचवलं की नऊ ते चार बाग बंद ठेवा, म्हणजे लॉन टिकेल. आमच्याकडे कितीतरी बागा दुपारी बंदच असतात. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. 'खाद्यपदार्थ आणण्यास मनाई' हा फलकही मीच लावायला सांगितला. जागा वाचवायची म्हणजे ती माणसांपासून वाचवायची, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

एका दुपारी लॉनचे आणि माझे फोटो काढायला फोटोग्राफर घेऊन गेलो. कडुनिंबाखाली एक बाई डबा उघडून बसलेली. चौकीदाराने दया येऊन तिला आत सोडलं होतं. वय पन्नाशीचं, बाजूला कापडी पिशवी.

"उठा बाई," मी म्हणालो. "बाग आहे ही, धर्मशाळा नाही."

"भाऊ, आमच्या मालकाचं डायलिसिस सुरू आहे समोर. तिथं बसू नाही देत. भिवापूरवरून येतो आम्ही."

"ते ठीक आहे. पण इथे खायला मनाई आहे. बोर्ड नाही वाचला?"

तिने फोटोग्राफरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमची बाग नाही खाऊन राहिली मी, भाऊ. पोळी खाऊन राहिली."

फोटोग्राफर फसकन हसला. मला त्याचा राग आला आणि तो मी तिच्यावर काढला. "उठा म्हटलं ना!" तिने हातातला घास डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि गेली. फोटो छान आले.

पुढच्या मे महिन्यात माझ्या मोठ्या भावाला त्याच समोरच्या दवाखान्यात दाखल केलं. आमदाराचा भाऊ म्हणून पहिल्या मजल्यावर एसी खोली मिळाली, आम्हाला बसायला सोफा. वहिनी खिडकीशी उभी होती. रस्त्यापलीकडे बाग, पूर्ण रिकामी. ग्रिलच्या बाहेर फूटपाथवर, फांद्या जितक्या बाहेर आल्या होत्या तितक्याच सावलीत, माणसं एकमेकांना चिकटून बसली होती.

"भाऊजी, बाग तं रिकामी आहे," वहिनी म्हणाली. "मंग हे लोकं बाहेर काहून बसले?"

"दुपारी बंद असते."

"कोणं केली बंद?"

मी पाण्याची बाटली उघडली आणि पीत राहिलो. त्या ओळीत भिवापूरची बाई होती. डोक्यावरून पदर ओढलेला. लोखंड तापलेलं, पाठ टेकवता येत नव्हती, म्हणून पाठ आणि ग्रिल यांच्यामध्ये तिने आपली पिशवी धरली होती.

त्याच आठवड्यात मी महापालिकेला सांगितलं, बाग दिवसभर उघडी ठेवा, फलक काढा. अधिकारी म्हणाले, मंडळाची हरकत आहे. मग सकाळी ट्रॅकवर जाऊन मंडळालाच गाठलं. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त साहेब, पांढऱ्याशुभ्र बुटांत.

"तुम्हीच बंद करायला लावली आणि आता तुम्हीच उघडता?"

"हो. मीच."

"लोक डबे धुतील. साड्या वाळत घालतील. लॉनची वाट लागेल."

"लागू द्या."

"मग मत मागायलेही त्याइच्याकडेच जा!" मागून कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

संध्याकाळी पक्षातल्या एका ज्येष्ठांचा फोन आला. "अरे, ते भिवापूरचे, उमरेडचे, कुठकुठले. त्यातलं एक तरी मत तुझ्या मतदारसंघात आहे का? हे फिरणारे तुझे आहेत, बाबा. काहून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेऊन राहिला? आणि असंच करायचं होतं तर पार्किंग काय वाईट होतं?"

"पार्किंग होणार नाही आणि कुलूपही राहणार नाही," मी म्हणालो. "तिकीट कापायचं तर कापा." फोन मीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात फाटकाशी खुर्ची टाकून बसलो. चौकीदाराला म्हटलं, "उघड. कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठव." पुढे रोज बसलो. मंडळाने तक्रारी केल्या, मला बागेचा मारेकरी म्हणणारी पत्रकं वाटली. एक माझ्याही हातात दिलं. मी ते तिथेच बसून वाचलं.

लॉन खरंच मेलं. इतक्या माणसांच्या पायांखाली ते टिकणार नव्हतंच. एकदा कोणीतरी बाकावर धोतर वाळत घातलं, तर अध्यक्षांनी त्याचा फोटो मला पाठवला. मी उत्तर पाठवलं, "वाळलं की काढतील." झाडं जागच्या जागी आहेत. मी भांडलो होतो ते झाडांसाठी, लॉनसाठी नव्हे. पुढचं तिकीट मिळेल की नाही, मला माहीत नाही. नाही मिळालं तर साधा माणूस म्हणून त्या फाटकाशी बसेन, पण ते दुपारी लागू देणार नाही.

एवढं बोलणारा मी, तिच्याशी मात्र बोलू शकत नव्हतो. ती यायची, माझ्या खुर्चीजवळून आत जायची आणि मी मोबाइलमध्ये डोकं घालायचो. मंत्र्याला भर सभागृहात अडवताना माझा आवाज कधी कापरा झाला नाही. शेवटी एका दुपारी उठून तिच्याकडे निघालो. पीए मागे आला आणि त्याने फोटोसाठी मोबाइल वर केला.

"खिशात ठेव. आणि इथेच थांब," मी म्हणालो.

मला येताना पाहून ती उठू लागली.

"बसा ताई, बसा."

"ओळखलं मी तुमाले," ती म्हणाली. "आता काय झालं?"

"मालक कसे आहेत?"

"आहेत तसेच. यावंच लागते."

मी तिच्यासमोर मातीत बसलो.

"ताई, त्या दिवशी मी तुमाले इथून उठवलं. नियमाचं नुसतं निमित्त होतं. माझा फोटो खराब होऊन राहिला होता, म्हणून उठवलं. अन् बाग बंदही मीच करायला लावली होती. चुकलो मी. मले माफ करा."