एका सामन्याची दोन पुस्तकं

फुटबॉल मला आजही धड कळत नाही. ऑफसाइड म्हणजे काय, हे कितीतरी जणांनी मला टेबलावर मीठदाणी आणि चहाचे कप मांडून समजावलं. कप उचलले की मी परत होतो तिथेच. तरीही इंग्रज फुटबॉलवाल्यांची चरित्रं आणि आत्मचरित्रं माझ्याइतकी वाचलेला माणूस आमच्या तालुक्यात सापडायचा नाही. हा शौक नव्हता, धंदा होता.

नव्वदच्या दशकात बहरीनच्या मनामा शहरात माझं जुन्या सामानाचं दुकान होतं. बँकेतले, तेल कंपनीतले, जहाज दुरुस्तीच्या गोदीतले गोरे करार संपला की मायदेशी निघत आणि घरातलं सामान विकत. बाकीचे दुकानदार फ्रिज, एसी, सोफा एवढंच उचलत आणि उरलेला पसारा तसाच टाकून जात. मी पूर्ण घर उचलायचो. पडद्यांच्या दांड्या, अर्ध्या वापरलेल्या शाम्पूच्या बाटल्या, नाताळचं प्लास्टिकचं झाड, सगळं. वर घर झाडून, पुसून घरमालकाला किल्ल्या नेऊन द्यायचो. जाणाऱ्याच्या डोक्याचा ताप जायचा, म्हणून तो फ्रिज-एसी पडत्या भावात सोडायचा. बहरीनमध्ये पुढे अनेकांनी हीच पद्धत धरली.

ही पद्धत माझी. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण लोक वेगळं सांगतात.

मी बहरीनला आलो तेव्हा रत्नागिरीकडच्याच एका वडीलधाऱ्या माणसाच्या दुकानात कामाला लागलो. नात्याचे नव्हते, पण मी त्यांना चाचा म्हणायचो. एकदा सनाबिसच्या एका बंगल्यात आम्ही सामान बघायला गेलो. इंग्रज मडम एकेका वस्तूची किंमत सांगत होती आणि चाचा एकेक वस्तू पाडून मागत होते. बराच वेळ ते तसंच चाललं. शेवटी मी पुढे होऊन म्हणालो, पूर्ण घर उचलतो, झाडून देतो, एकच आकडा सांगा. मडमचा चेहरा खुलला. त्या दिवसापासून चाचांचं दुकान पळायला लागलं. पुढे माझं आणि त्यांचं वाजलं, मी दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान टाकलं आणि अर्थातच पूर्ण घरं उचलायला लागलो. झालं. आमच्या लोकांत बोभाटा की चाचांचं मीठ खाल्लं आणि चाचांचीच युक्ती चोरली. लग्नाच्या जेवणात शेजारी बसलेला माणूस बिर्याणी वाढून घेता घेता मला ऐकवायचा, "धंदा जोरात आहे म्हणे. चाचांचा." ताट सोडून उठून भांडलोय मी. उपयोग शून्य. चाचा स्वतःच चारचौघांत सांगत, "मी मडमला म्हटलं, पूर्ण घर देऊन टाक." मग माझं कोण ऐकणार?

तर पुस्तकं. पूर्ण घर उचललं की नको असलेला मालही गळ्यात पडतो. दर दुसऱ्या गोऱ्याच्या घरात फुटबॉलवाल्यांच्या आयुष्यांची एक फळी असायची. जाडजूड, चकचकीत कव्हर, मधोमध फोटोंची पानं. शुक्रवारी ईसा टाउनच्या जुन्या बाजारात मी ती एका खोक्यात मांडायला लागलो आणि ती खपली. कॉलेजातली बहरीनी मुलं फोटो बघून घ्यायची. मला आपलं सगळं घर विकून टाकलेले गोरे, जायला महिना असताना, दुसऱ्याच्या घरातली पुस्तकं माझ्याकडून विकत घ्यायचे. एक गोष्ट मात्र उलगडत नव्हती. खेळाडूच्या पुस्तकापेक्षा मॅनेजरच्या पुस्तकाला भाव जास्त यायचा. मॅनेजर म्हणजे कोट घालून मैदानाबाहेर बसणारा माणूस. चेंडूला त्याचा पाय लागत नाही. मग त्याला भाव कसला? मालाची पारख नसेल तर दुकानदार मरतो, म्हणून मी वाचायला बसलो. माझं इंग्रजी गिऱ्हाइकांशी भांडून शिकलेलं. ते पुरलं.

सुरुवात सगळ्यांची सारखी. अरुंद गल्ली, एकाला एक चिकटलेली विटांची घरं, बाप कोळशाच्या खाणीत नाहीतर गोदीत. मग एके दिवशी टोपीवाला एक अनोळखी माणूस मुलाचा खेळ बघतो आणि घरी येऊन आईच्या हातचा चहा पितो. तिथपर्यंत मला सगळं पटायचं. मीही असाच कुणाच्या तरी डोळ्यांत भरून घराबाहेर पडलेला. त्यानंतरचं मात्र डोकं फिरवणारं होतं. ही माणसं चक्क विकली जात. दोन क्लबचे लोक हॉटेलच्या खोलीत बसून भाव ठरवत आणि खेळाडू बाहेर गालिच्यावर येरझारा घालत असायचा. ती पानं मी पुन्हा पुन्हा वाचली. घासाघीस कशी करतात ते बघायला गेलो आणि फ्रिजची बाजू काय असते ते वाचून आलो.

आणखी एक गोंधळ. कव्हरवर खेळाडूचं नाव मोठं, खाली बारीक अक्षरात दुसऱ्याच कुणाचं. एका गिऱ्हाइकाने सांगितलं की खेळाडू बोलतो आणि पत्रकार लिहितो. म्हणजे पानोपानी जो 'मी' आहे, तो नेमका कोण? सुरुवातीला राहायचो त्या मजुरांच्या कॅम्पात मीही लोकांची पत्रं लिहून दिलेली. "मी खुशाल आहे" असं मी लिहायचो आणि ज्याचं पत्र तो शेजारी तापाने फणफणलेला असायचा.

मग एका घरातून एकाच खोक्यात दोन पुस्तकं आली. एक मॅनेजरचं, एक त्याच्याच संघातल्या खेळाडूचं. खेळाडू डाव्या कडेने पळणारा. दोघांनी एकाच सामन्याबद्दल लिहिलेलं. संघ हरायला आला होता आणि उत्तरार्धात तो डावा माणूस उजव्या कडेला गेला, तिकडून त्याने चेंडू दिला आणि गोल झाला. मॅनेजर लिहितो, मध्यंतरात मी त्याचा खांदा धरला आणि म्हणालो, आज उजवीकडे जा. खेळाडू लिहितो, मध्यंतरात मॅनेजर बुटांच्या नाड्यांबद्दल ओरडत होता, उजवीकडे मी माझ्या मनाने गेलो आणि नंतर वर्तमानपत्रात त्याने ते स्वतःच्या नावावर लावलं.

माझं रक्त तापलं. मी अर्थातच खेळाडूच्या बाजूचा. पण मॅनेजरचं पान परत वाचलं की तेही खरं वाटायचं. त्याला भिजलेल्या शर्टाचा स्पर्श आठवत होता. खोटं बोलणाऱ्याला ओला शर्ट कशाला सुचेल?

गोदीत फोरमन असलेला एक म्हातारा इंग्रज नेहमी यायचा. त्याला मी दोन्ही पानं उघडून दाखवली आणि विचारलं, यातला खरा कोण. तो हसायला लागला. त्या सामन्याला तो स्वतः हजर होता.

"तो उजवीकडे गेलाच नाही," तो म्हणाला. "शेवटपर्यंत माझ्यासमोर डावीकडेच होता. गोल साध्या कॉर्नर किकवरून झाला."

"मग हे दोघं भांडतायत कशावर?"

"कॉर्नरवर कोण पुस्तक लिहितो?"

वर म्हणाला, दोन्ही खोटी आहेत, तेव्हा एकाच्या भावात दोन दे. मी म्हटलं, तुझा धरून तीन सामने आहेत यात, भाव वाढला. शेवटी मी दिलीच नाहीत ती पुस्तकं. घरी नेली. बायको म्हणाली, दुकानातला माल घरी यायला लागला म्हणजे दुकान बुडालं.

त्याच सुमारास कळलं की चाचा कायमचे गावी निघाले. आमच्या लोकांनी त्यांच्यासाठी जेवण ठेवलं आणि मला निरोप आला, तू त्यांचा सगळ्यात जुना माणूस, दोन शब्द बोल. मी लगेच हो म्हणालो. ही शेवटची संधी होती. चाचा एकदा विमानात बसले की युक्ती त्यांचीच राहणार, आणि मी आयुष्यभर चोर. बायकोला सांगितलं, सगळ्यांसमोर विचारतो, तुम्हीच सांगा मडमला कोण बोललं.

"विचारा," ती म्हणाली. "पण जेवणाआधी नको. उपाशी माणसं तुमचीच हाडं मोडतील."

त्या संध्याकाळी चाचा हॉलच्या बाजूच्या खोलीत एकटेच बसलेले दिसले. भांडण बाहेर नेण्याआधी समोरच्याचं पाणी जोखावं, ही माझी जुनी सवय. मी आत गेलो, दार लोटलं आणि सरळ विचारलं, "चाचा, सनाबिसच्या बंगल्यात पूर्ण घर उचलतो असं कोण म्हणालं होतं?"

ते टोपी नीट करत होते. मान वर न करता म्हणाले, "तू."

मी तासभर भांडायच्या तयारीने गेलो होतो.

"मग इतकी वर्षं मी म्हणालो, मी म्हणालो, असं का सांगत फिरलात?"

"दुकान कुणाचं होतं?"

"तुमचं."

"त्या मडमचं कपाट जिन्यावरून एखाद्या हमालावर पडलं असतं, तर पोलिसांनी कुणाला नेलं असतं?"

"तुम्हाला."

"मग? पडलं तर मी पाडलं आणि नाही पडलं तर तू उचललंस. हा कुठला न्याय, बाबा?"

संघ हरला की मॅनेजरला घरी पाठवतात, खेळाडू तिथेच राहतात, हे प्रत्येक मॅनेजरच्या पुस्तकात होतं. ती प्रकरणं कंटाळवाणी म्हणून मी भराभर उलटलेली.

चाचा उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुला पाहिजे ना ते? घे. सगळे बसलेत. तू सांग, मी मान हलवतो. खलास."

पहिल्याच शब्दाला माल हातात आला की घेणारा तो उलटा करून बघतो. एक तर मालात खोट असते, नाहीतर आपण फार कमी मागितलेलं असतं. चाचांनी दिलं ते खरं म्हणून दिलं, की निघालेला माणूस काहीही देऊन टाकतो म्हणून? अशा माणसांच्या घरातच माझी हयात गेलेली. पियानो फुकट दिलेले बघितलेत मी. चाचांना तो दिवस आठवत तरी होता का? की माझं तोंड बंद व्हावं म्हणून 'तू' म्हणाले? भांडले असते तर मला कळलं असतं.

जेवणं झाल्यावर मला उभं केलं. मी बंगल्याची गोष्ट सुरू केली. ऊन सांगितलं, मडमचा भुंकणारा कुत्रा सांगितला, एकेका वस्तूवरची घासाघीस सांगितली. लोक हसत होते. चाचा समोर बसून मान हलवत होते, अगदी कुत्र्यालासुद्धा. मग ते वाक्य आलं आणि मी अडकलो. हजार वेळा सांगितलेलं वाक्य. पण त्या क्षणी मला ऐकू येत होती ती मडम, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारणारी, "आणि या बाकीच्याचं मी काय करू?" तिने आधी विचारलं होतं का? विचारलं असेल, तर युक्ती मुळात तिचीच ना? आणि तिच्यानंतर माझ्या कानात जो आवाज येत होता तो माझा होता की चाचांचा, ते काही केल्या वेगळं होईना. सगळा हॉल माझ्या तोंडाकडे बघत होता.

"आणि आम्ही म्हणालो," मी म्हटलं, "पूर्ण घर उचलतो."

आम्ही. एवढं बोलून बसलो. टाळ्या पडल्या.

बसल्या बसल्या स्वतःचाच राग आला. मी मागितलेलं सगळं समोरच्याने देऊ केलेलं आणि मी माल तिथेच टाकून आलेलो. परत उभं राहावं असं वाटलं. पण राहून म्हणायचं काय?

लोक उठायला लागले. वर्षानुवर्षं मला टोमणे मारणारा तोच लग्नातला माणूस आला आणि त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "आज मानलं तुला," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर कबूल केलंस, चाचांबरोबर राहून शिकलास म्हणून. याला काळीज लागतं."

"मी काय कबूल केलं?" माझा आवाज चढला. "मी कबूल केलं?"

"अरे, चांगलंच बोललास की."

मी चाचांकडे वळलो. ते दोन हातांवर होते, सगळं ऐकू जात होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या माणसाकडे बघितलं आणि मान हलवली. दोघांतल्या कुणाच्या बोलण्याला, ते मला आजवर कळलेलं नाही. दोन दिवसांनी ते गेले.