आर्डिथची मिठी आणि कमरेचं पिस्तूल

आर्डिथला अर्धीमुर्धी मिठी मारता येत नाही. आमच्या चर्चच्या दारात रविवारी तीच उभी असते, आणि येणारा गावचा असो की वाट चुकलेला पाहुणा, त्याला दोन्ही हातांनी कवेत घेऊन पाठीवर दणके देते. बाकीच्या बायका खांद्याला खांदा टेकवतात आणि कंबर हातभर लांब ठेवतात. आर्डिथची मिठी डोक्यापासून गुडघ्यापर्यंत असते. ज्याच्याशी तिचं भांडण चालू असेल त्याचीही सुटका नाही. केळ्याच्या पुडिंगवरून एकदा ती माझ्याशी महिनोन्महिने बोलत नव्हती, पण मिठी मात्र दर रविवारी मिळत होती.

तिनं उभं आयुष्य आमच्या आर्कान्सामधल्या एका कोंबड्यांच्या कारखान्यात काढलं. पट्ट्यावरून येणाऱ्या कोंबड्यांचे पंख कापता कापता तिचे दोन्ही अंगठे कामातून गेले. नवरा होबर्ट ट्रक चालवायचा. त्याला बोलायचा कंटाळा आणि अंगाला अंग लावायचा त्याहून जास्त. मुलगा लिंडेल बापावर गेला. तो लिटल रॉक शहरात विमा कंपनीत आहे, म्हणजे जगात काय काय वाईट होऊ शकतं याचा विचार करण्याचाच त्याला पगार मिळतो. होबर्टला पुरलं त्या दिवशी त्यानं आईला जवळ घेतलं, त्यानंतर नाही. भेटला की दारातूनच हात वर करायचा, वाहतूक पोलीस करतो तसा.

होबर्ट गेल्यावर वर्षभरात शेजारच्या हस्केलच्या गोठ्यातून भरदिवसा गवत कापायचं यंत्र चोरीला गेलं. आर्डिथचं घर खडीच्या रस्त्याच्या पार टोकाला. शेरीफचा माणूस तिकडे पोचेपर्यंत चोराचं जेवण होऊन भांडीसुद्धा घासून होतील. लिंडेल दुसऱ्याच दिवशी आला आणि माझ्यासमोर आईला म्हणाला, "ममा, दोनच रस्ते आहेत. एकतर आमच्याकडे चल, गॅरेजवरची खोली रिकामीच आहे. नाहीतर पिस्तूल बाळग. आणि ड्रॉवरमध्ये नाही, पर्समध्ये नाही. पर्स तू कुठेही विसरतेस. अंगावर हवं. अंगणात, दुकानात, चर्चमध्येसुद्धा. आणि कुणाला कळता कामा नये."

"कळलं तर काय बिघडलं?"

"चोराला कळलं तर तो आधी तेच हिसकावेल. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला येईन तेव्हा बघतो. मला सापडलं तर सामान बांधायचं."

आर्डिथ नुसतं "बरं" म्हणाली. तो गेल्यावर मात्र ओट्यापाशी उभी राहून रडली. ते घर तिनं आणि होबर्टनं स्वतःच्या हातानं बांधलेलं. गॅरेजवरच्या खोलीत तिला पाहुणीसारखं राहायचं नव्हतं. मी तिला म्हटलं, रडतेस काय, चल, पिस्तूल घ्यायला जाऊ. पिस्तूल घेणं म्हणजे काय, चपला घेण्यासारखंच, असं तेव्हा मला वाटत होतं.

गावात बंदुकांचं दुकान एकच, डबचं. डबला प्रत्येक गिऱ्हाईक पाहताक्षणी कळतं असा त्याचा समज आहे. आम्ही आत पाऊल टाकलं तोवर त्यानं काचेच्या कपाटातून गुलाबी मुठीचं एक इवलंसं रिव्हॉल्वर काढून मखमलीवर ठेवलंसुद्धा.

"मिस आर्डिथ, हे तुमच्यासाठीच बनलंय. हलकं, छोटं. कुठेही लपेल."

"गुलाबी का?" मी विचारलं.

"बायकांना आवडतं, मिस मोझेल."

"मला कुणी विचारलं नाही ते."

दुकानामागे मातीचा उंच बांध घातलेला आहे, तिथे गिऱ्हाइकाला झाडून बघता येतं. आर्डिथनं कानावर आवाज अडवणारी टोपणं चढवली, चाप ओढला, आणि ते इवलंसं रिव्हॉल्वर तिच्या हातात असं उसळलं की गोळी कुठे गेली ते देवालाच ठाऊक. दुसऱ्या गोळीला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पिस्तूल जेवढं हलकं तेवढी त्याची लाथ जोरात, कारण ती लाथ सोसायला त्याच्यात वजनच नसतं. हे डबला माहीत नव्हतं असं नाही, पण बाई दिसली की लहानच द्यायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आमच्याकडे सगळे नवरे आणि सगळी पोरं हीच चूक करतात. वाढदिवसाला बायकोला इवलंसं काहीतरी आणतात, ती एकदा झाडते आणि मग ते जन्मभर मोज्यांच्या खणात पडून राहतं.

मग त्यानं तितकंच छोटं पण चपटं पिस्तूल काढलं. त्याची वरची पट्टी, तिला स्लाइड म्हणतात, मागे ओढल्याशिवाय गोळी नळीत चढत नाही. आर्डिथनं ओढली. मग दोन गुडघ्यांत धरून ओढली. मग काउंटरच्या कडेला लावून ओढायला गेली तेव्हा डबनं ते तिच्या हातातून हळूच काढून घेतलं.

"सवय होईल," तो म्हणाला.

"माझ्या अंगठ्यांना आता कशाचीच सवय होणार नाही," आर्डिथ म्हणाली. "त्यांची सवय व्हायची वेळ कोंबड्यांनी खाल्ली."

आम्ही रिकाम्या हातानं परत आलो. ही बातमी संध्याकाळच्या आत गावभर झाली, कारण डबच्या पोटात काही राहत नाही. पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर पास्टरची बायको वायनेल म्हणाली, "सगळे जेवण घेऊन हस्केलच्या कुरणात या. आणि ज्याच्या त्याच्या अंगावर जे आहे तेही घेऊन या. आर्डिथला झाडून बघू दे. पसंती तिची, गोळ्या आपल्या."

पास्टरांनी चर्चमध्ये पिस्तूल आणायला हरकत घेतलेली नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण कोण आणतं ते कोण विचारणार? त्या दुपारी हस्केलच्या पिकअपचं मागचं फळकूट खाली पाडलं, त्यावर गोधडी अंथरली आणि एकेकानं रिकामं करून, नळी कुरणाच्या कडेच्या मातीच्या बांधाकडे ठेवून आपलं आपलं मांडलं. जे लपवण्यासाठी माणसं एवढा खटाटोप करतात ते सगळं तळलेल्या मासळीच्या आणि बटाट्याच्या सॅलडच्या शेजारी उघड्यावर आलं. भजनात वरचा सूर लावणारी नाजूक बाई घोट्याला बांधते. रविवारच्या शाळेचे शांत मास्तर एक नाही, दोन बाळगतात. हस्केलनं सगळ्यांत शेवटी, लाजत लाजत, गुलाबी मुठीचं इवलंसं रिव्हॉल्वर ठेवलं.

"बायकोचं आहे," तो म्हणाला.

"मी घरीच ठेवून आलेय माझं," त्याची बायको म्हणाली.

मला त्या दिवशी इतकं हसू आलं की गोड चहा नाकातून बाहेर आला.

आर्डिथनं एकेक झाडून बघितलं. तिला जमलं ते वायनेलचं. डबनं दाखवलेल्यांपेक्षा ते बोटभर लांब, मुठीला जाड आणि हाताला चांगलं जड. पण त्याची स्लाइड लोण्यातून सुरी फिरावी तशी मागे यायची आणि झाडल्यावर ते हातात उसळत नव्हतं, नुसतं ढकलल्यासारखं व्हायचं. बांधावर ठेवलेले बीन्सचे डबे तिनं एकापाठोपाठ एक आडवे केले. मग कानावरची टोपणं काढून वायनेलला मिठी मारली आणि म्हणाली, "हेच." डबकडून तसलंच मागवलं. तो "जरा मोठं होईल तुम्हाला" म्हणाला, मी "तुझं तोंडही जरा मोठंच आहे" म्हटलं, आणि व्यवहार झाला.

खरी पंचाईत पुढेच होती. वायनेल खांदे टेकवून कंबर लांब ठेवणारी, तंबूसारखी मिठी मारणाऱ्यांतली, तिचं पिस्तूल कुणाला लागायचा प्रश्नच नव्हता. आर्डिथनं पहिल्या रविवारी ते उजव्या कमरेला लावलं, वर सैल ब्लाउज घातला आणि दारात उभी राहिली. पहिल्याच मिठीत हस्केल म्हणाला, "अरे वा, आलं वाटतं." दुसऱ्या मिठीत बायबल हाती असलेल्या म्हाताऱ्या बाई दचकल्या. पुढच्या रविवारी तिनं ते पोटाशी घेतलं. तर शेजाऱ्यांची चिमुरडी नेहमीसारखी धावत येऊन तिच्या पोटावर आदळली आणि कपाळ चोळत आईला सांगायला गेली की मिस आर्डिथच्या पोटात दगड झालाय. ती आजारी आहे असं समजून दोन घरांनी सूप पाठवलं.

काखेखाली झालं, पाठीमागे झालं. पाठीमागे तर तिच्यासारखेच दणके देणाऱ्या शेरीफचा हात नेमका त्यावर पडला. त्यानं बोटं झटकली आणि म्हणाला, "मिस आर्डिथ, याला लपवलेलं म्हणता येणार नाही हां."

त्या दुपारी ती माझ्या ओसरीवर बसून म्हणाली, "मोझेल, मी चर्चचं दार सोडते. वायनेल उभी राहील. मिठी मारली नाही तर कुणाला कळणार नाही."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"दार सोडलं तर घर राहील. घर सोडलं तर दोन्ही जातील."

मला लिंडेलचा असा राग आला की तो समोर असता तर त्याला मी लाटण्यानं मारलं असतं. पण आर्डिथनं दार सोडलं नाही. तिनं रुंद इलॅस्टिकचा पट्टा आणला, त्याला चाप झाकणारं टणक म्यान शिवून घेतलं, आणि तो पोटाच्या वर, बरगड्यांच्या खाली डाव्या अंगाला बांधायला लागली. त्यावर होबर्टचे जुने शर्ट. आधी तेही लागायचं. मग हळूहळू लागेनासं झालं. उन्हाळा सरता सरता तर मी मुद्दाम चाचपून मिठी मारली तरी नुसतं कापड हाताला आलं. ती खूष, मी खूष. सगळ्या गावानं एकेकदा शोधून बघितलं आणि हार मानली. डब तर सांगत सुटला की पट्टा निवडण्याची कल्पना त्याचीच होती.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी लिंडेल आला. मी मुद्दाम भोपळ्याची गोड पाई घेऊन तिथेच बसले होते, कारण ही गंमत मला चुकवायची नव्हती. त्यानं दारातून हात वर केला. आर्डिथ स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून एकदा गोल फिरली.

"बघ."

त्यानं पुढून बघितलं, मागून बघितलं. "अंगावर आहे?"

"आहे."

"खोटं नाही ना?"

"तुझ्या आईला खोटारडी म्हणतोस? ये, शोध की. सगळं गाव शोधून दमलंय."

तो अवघडला. मग दोन पावलं पुढे आला आणि त्यानं तिला मिठी मारली. आधी विमा उतरवायला आल्यासारखी, हात कुठे ठेवावेत ते न कळून. मग त्याचा एक हात तिच्या पाठीवरून खाली गेला, परत वर आला आणि तिथेच थांबला. मी हसत होते. त्याचा चेहरा दिसला तशी गप्प झाले.

"ममा," तो म्हणाला, "तुझ्या बरगड्या लागतायत."

"पिस्तूल लागलं का?"

"पिस्तूल कसं लागेल? शर्टात तू कुठे आहेस?"

त्यानं तिला सोडलं नाही. तिच्या डोक्यावरून तो माझ्याकडे बघत होता, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. दर रविवारी मिठीत घेणारे आम्ही. दर आठवड्याला ती थोडीशी कमी झाली, आम्हाला कळलं नाही. पट्टा चांगला निघाला म्हणून आम्ही टाळ्या पिटत होतो.

"काय खातेस तू?" त्यानं विचारलं.

"खाते की. टोस्ट खाते. एकटीसाठी चूल कोण पेटवणार, लिंडेल? तुझ्या बाबांना रोज पावासारखी फुगलेली गरम बिस्किटं लागायची. मला नाही लागत."

त्यानं फ्रिज उघडला. आत मोहरीची बाटली होती, लोणी होतं आणि चर्चमधून आणलेला केकचा तुकडा. त्यानं दार लावलं. मग त्यानं अंगातला कोट काढून खुर्चीवर टाकला आणि विचारलं, "पीठ कुठे असतं?"

लिटल रॉकचं नाव त्यानं काढलं नाही. त्यानं केलेली बिस्किटं चेंडूसारखी टणक झाली आणि ग्रेव्हीत गाठीच गाठी होत्या. आर्डिथनं ती दोनदा वाढून घेतली. जाताना तो आईला म्हणाला, "शनिवारी येतो. दर शनिवारी. दोघांचं करून ठेव, नाहीतर पुन्हा मी करीन."

तो खरंच यायला लागला. आणि दारात हात वर करणं सुटलं त्याचं. आता तो आधी आईला मिठी मारतो, मग गाडीतलं सामान काढतो.

इस्टरला आर्डिथ दारात उभी होती. होबर्टचा शर्ट जाऊन तिचा स्वतःचा जांभळा ब्लाउज आला होता, आणि बटणं जरा ताणलेली होती. तिनं मला कवेत घेतलं, पाठीवर दणका दिला, आणि माझ्या बरगडीत काहीतरी टणक असं रुतलं की मी कळवळले. माझ्या मागे हस्केल होता, त्यालाही लागलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि गुपचूप आपापल्या बाकावर जाऊन बसलो.