दाटलेल्या रेषा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. वादळाच्या आदल्या संध्याकाळी वारा वसईला झोडपणार हे मला दिसत होतं, तरी मी वहिनींना म्हणालो, काही होणार नाही.

मी जवळच बोळिंजला फ्लॅटमध्ये राहतो. दादा गेल्यापासून वसईच्या गावातली राजेळी केळ्यांची बाग वहिनीच बघतात. मला नाद हवेच्या दाबाचा. मोबाईलवर जगभरचे नकाशे उघडून बसतो. दक्षिणेकडे हिंदी महासागरावर जास्त दाबाचा पट्टा असतो, तिथली हवा विषुववृत्त ओलांडून आपल्याकडे येते. मे महिन्यात अरबी समुद्र तापलेला. वाफेनं भरलेली हवा वर चढते, खाली दाब उतरतो, तो भरून काढायला चहूकडून वारा धावतो. पण फिरती पृथ्वी त्याला सरळ जाऊ देत नाही. तो वळतो आणि घुमायला लागतो. विषुववृत्तावर पाणी तेवढंच गरम, पण हे वळण नाही, म्हणून तिथे वादळ जन्मत नाही. याचं मला अजून नवल वाटतं.

वहिनींना एकदा हे समजावत होतो. म्हणाल्या, "गरम तर माझी चूलपण असते, भावोजी. तिथे कुठे वादळ होतं?" मग स्वतःच हसल्या. "होतं म्हणा, तुम्ही न कळवता जेवायला आलात की!"

आदल्या वर्षीही एक वादळ येत होतं. माझ्या सांगण्यावरून त्यांनी कोवळे घड उतरवले, आणि ते आपल्या खाली, दक्षिणेलाच किनाऱ्याला लागलं. केळी गुरांना घातली. "आमची घरची वेधशाळा!" म्हणून सगळं घर वर्षभर हसलं.

या खेपेला वहिनींचा फोन आला. "टीव्हीवाले ओरडतायत, पण तुम्ही सांगा. घड उतरवू?"

नकाशा समोरच होता. वादळाचा डोळा, म्हणजे त्याचं मधलं केंद्र, समुद्रातूनच गुजरातकडे निघालेला, पण समान दाबाच्या रेषा आपल्या किनाऱ्यापाशी दाटलेल्या. रेषा जितक्या जवळ, तितका वारा जोराचा. पुन्हा हसं नको, एवढंच माझ्या मनात होतं.

"डोळा लांबून जातोय. राहू द्या."

डोळा लांबूनच गेला. बाग आडवी झाली. त्या वेळी मी खिडकीशी उभा राहून मोबाईलवर दाब उतरताना बघत होतो आणि, खरं सांगायचं तर, मजा वाटत होती.

वहिनी आजही आल्यागेल्याला सांगतात, "भावोजी बरोबरच बोलले, वादळ गुजरातलाच गेलं. मलाच हाव सुटली, घड भरू दे म्हटलं." मी समोर बसून चहा पितो. हाव त्यांची नव्हती, भित्रेपणा माझा होता. हे त्यांना तोंडावर सांगायचं अजून बाकी आहे.