मुनीरभाईंच्या चेलोचा खर्ज

शबानाचा फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि मी चिंच फोडत बसले होते. हात चिकट, म्हणून दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला तर ती फक्त "मॅडम, अब्बा गेले" एवढंच बोलली, आणि मग बराच वेळ तिच्या घरात माणसं ये-जा करत असल्याचे आवाज येत राहिले. कधी, कसं, कोण जवळ होतं, अशा वेळी माणूस जे जे विचारतो ते सगळं मी विचारलं. फोन ठेवून आतल्या खोलीत गेले. तिथं भिंतीला टेकून मुनीरभाईंनी स्वतःच्या हातानं केलेला चेलो उभा होता. तो बघून आधी रडू आलं नाही. आता खरं सांगायचं राहूनच गेलं, हा विचार आधी आला. याला आता सहा आठवडे झाले, आणि तो विचार काही हलायला तयार नाही.

मुनीरभाई हे नाव वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. आमच्या शहरात शहागंजच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक लांबट खोली. दारात रंध्याच्या सालपटांचा ढीग आणि आत खुंट्यांना टांगलेल्या सतारी, सारंग्या, पेट्यांचे भाते. मराठवाड्यातल्या कितीतरी भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्या हाताखालून गेल्या असतील. त्यांची मुलगी शबाना माझी विद्यार्थिनी. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि माझी जीभ तिखट आहे हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्याकडून 'बरं आहे' एवढं ऐकायला पोरं तीन वर्षं काढायची. शबानानं ते दोनदा ऐकलं होतं, आणि त्याचं तिला अजून कौतुक आहे.

माझे वडील मुंबईत सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगला चेलो वाजवत. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ; खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरायचा, आणि आवाज पुरुषाच्या गळ्याच्या अगदी जवळचा. पुढं ते काम आटलं, आई गेली आणि वडील आपला चेलो घेऊन पुंडलिकनगरला माझ्याकडे राहायला आले. मला वाजवायला त्यांनीच शिकवलं. त्यांचा चेलो शंभर वर्षांपूर्वीचा, जर्मन. आत डोकावलं तर कागदाची चिठ्ठी दिसायची आणि तिच्यावर फार जुन्या काळच्या एका नामांकित इटालियन कारागिराचं नाव. वडील हसून सांगत, हे नाव खोटं आहे, तिकडच्या कारखान्यांतून निघालेल्या ढीगभर वाद्यांच्या पोटात हीच चिठ्ठी असते. पुढं मी हे मुनीरभाईंना सांगितलं तेव्हा त्यांना मात्र हसू आलं नाही. "ज्यानं बनवला त्याचं नावच नाय मग कुठं," ते म्हणाले, आणि टॉर्च लावून त्या चिठ्ठीकडे बराच वेळ बघत राहिले.

पण ते नंतरचं. वडील गेले त्या वर्षी मी शोकात एक शहाणपणा केला. वाद्याला विश्रांती द्यावी म्हणून चेलोच्या चारही तारा एकदम सैल सोडल्या. मे महिन्यात आपल्याकडे हवा किती कोरडी होते ते सांगायला नको. वरच्या फळीला वीतभर तडा गेला, आणि हलवला की आत काहीतरी खडखडायला लागलं. शबाना म्हणाली, अब्बांकडे न्या. मुनीरभाईंनी चेलो तोवर फक्त सिनेमात पाहिलेला. तरी पंधरा दिवसांत त्यांनी तो तडा असा सांधला की बोट फिरवून कळू नये. घरी आणला, तारा लावल्या, गज ओढला. पडसं झालेला माणूस बोलतो तसा आवाज. कितीही जोर लावा, बाहेरच येईना.

काय झालं होतं ते सांगते. चेलोच्या पोटात, वरची फळी आणि पाठ यांच्या मधोमध, बोटाएवढी जाड एक लाकडी काडी उभी असते. ती कशालाही चिकटवलेली नसते. तारांचा ताण फळीवर येतो, त्या दाबानंच ती उभी राहते, आणि फळीची थरथर पाठीपर्यंत पोचवते. मी तारा सोडल्या, दाब गेला, काडी पडली. मुनीरभाईंना ती आत मोकळी सापडली. सतार, सारंगी, पेटी... ज्या माणसाच्या दुनियेत निखळलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा चिकटवायची असते, त्यानं ती जागेवर उभी केली आणि वर-खाली भरपूर सरस लावून पक्की केली. सरस म्हणजे कातड्यापासून केलेला, गरम करून लावायचा डिंक. त्यांचा सरस सुटल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

पुण्यातल्या एका वादकानं फोनवर हे ओळखलं, आणि मी तशीच चेलो घेऊन रिक्षानं दुकानात गेले. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत म्हणाले, "मुनीरभाई, तुम्ही माझ्या वडिलांच्या वाद्याचा गळा दाबलात." चूक निम्मी माझी होती, तारा मी सोडल्या होत्या, हे मी बोलले नाही. त्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली. "चिपकवायची नाय तर मग ती उभी कशी ऱ्हाती, मॅडम?" म्हटलं, नुसत्या दाबावर. ते म्हणाले, "गलती माझी हाय. बिना सरसाची चीज मी जिंदगीत नाय बनवली. ठिवून जा."

आठ दिवस त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही, असं शबाना सांगते. पातळ सुरी आणि कोमट पाण्यानं फळी कडेकडेनं सोडवली, आतला सरस खरवडला, काडी नुसती उभी केली, फळी परत लावली, आणि मला बोलावलं. मी वाजवलं. वडिलांचा चेलो पुन्हा बोलायला लागला. मुनीरभाई माझ्याशेजारी जमिनीवर बसले होते आणि वाद्याच्या कुशीला तळहात लावून होते. आयुष्यभर आरागिरणीच्या शेजारी काम करून त्यांना ऐकायला कमी येत होतं. बोलणं कळायचं, पण नाजूक सूर ते हातानंच ऐकायचे. डोळे मिटून म्हणाले, "आता चालतंय आतून." आणि लगेच, "हे बनतं कसं, मॅडम? मला एक बनवायचाय."

त्या दिवसापासून आमची मैत्री. ते खाकी कागदावर माझ्या चेलोचं माप घ्यायचे, मी कुठून कुठून वाचून त्यांना सांगायचे, की फळी सगळीकडे सारखी जाड नसते, मध्ये जाड आणि कडेला बारीक होत जाते, आणि जुने कारागीर ती टिचकी मारून, ऐकून ऐकून घासत. लाकडाचा प्रश्न शबानानं सोडवला. ती बिडकीनजवळच्या एका कारखान्यात कामाला आहे. तिथं परदेशातून यंत्रं येतात ती जाड फळ्यांच्या खोक्यांतून, आणि ते लाकूड नेमकं थंड मुलखातलं, सरळ रेषांचं, चेलोच्या वरच्या फळीला लागतं तसं. त्यावर पावसात भिजवू नका म्हणून छत्रीचं चित्र छापलेलं. मुनीरभाईंनी छत्रीवर रंधा फिरवला तेव्हा म्हणाले, "लई दूरून आलं बिचारं." पाठीसाठी तुणीचं, सतारीला वापरतात ते लाकूड कन्नड गावच्या वखारीतून आलं. लाकूड सुकवण्यातच तीन वर्षं गेली आणि घडवण्यात दोन. मधल्या काळात त्यांना खोकला लागला. लाकडाचा भुसा आयुष्यभर छातीत गेलेला, डॉक्टरांनी दुकान बंद करा म्हणून सांगितलं. ते हो म्हणाले, आणि दाराला आतून कडी लावून काम करत राहिले.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ते रिक्षातून माझ्या दारात उतरले. चेलो रजईत गुंडाळलेला. जिना चढताना दोनदा थांबले. मी खुर्ची दिली ती त्यांनी घेतली नाही, खाली बसले, आणि नेहमीसारखा तळहात वाद्याच्या कुशीला लावला. मी वरच्या तारा वाजवल्या. खरंच गोड होत्या, अंगावर काटा आला. मग सर्वांत जाड, खर्जाची तार ओढली... आणि ती दबलेली निघाली. रजईखालून कुणी बोलावं तशी. मला क्षणात कळलं काय झालंय. डाव्या अंगाला फळी जाड राहिली होती. उघडून तेवढीच घासली असती तर खर्ज मोकळा झाला असता. मी मान वर केली, तर ते माझ्या तोंडाकडे बघत होते. हाताच्या शिरा वर आलेल्या, जिन्यामुळं अजून धाप लागलेली. मला भरल्या दुकानातलं माझं ते वाक्य आठवलं.

"फार छान झालाय, मुनीरभाई," मी म्हणाले.

"खर्ज?"

"खर्जही छान आहे."

त्यांनी वाद्यावरचा हात काढून घेतला. "तुमच्याकडंच राहू द्या. वाजवत जा. काही वाटलं तर सांगा, मॅडम." पुढं दर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन यायचा. तब्येतीचं बोलणं झालं की विचारायचे, "काही वाटतंय का?" आणि मी म्हणायचे, नाही हो, उत्तम आहे. शेवटच्या थंडीत त्यांनी विचारणं सोडलं. मला हायसं वाटलं होतं, हे लिहिताना लाज वाटते.

मागच्या आठवड्यात, ऐन उन्हाच्या वेळी, आतल्या खोलीतून टक् असा आवाज आला. जाऊन पाहिलं तर मुनीरभाईंच्या चेलोची वरची फळी डाव्या बाजूनं कडेला उकलली होती. तडा नव्हता, लाकूड शाबूत, नुसता जोड सुटलेला. मी हादरले. ज्याचा सरस कधी सुटला नाही त्याच्या एकुलत्या एका चेलोचा जोड सुटावा, आणि तो पण असा. रविवारी शबानाला बोलावलं. ती फटीवरून बोट फिरवत बसली, आणि मला राहवलं नाही. दोन वर्षं दाबून धरलेलं सगळं तिला सांगून टाकलं... खर्ज दबतोय, फळी जाड राहिलीय, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"अब्बांना पण म्हाईत होतं, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "हाताला कळलं होतं त्यांच्या, कुठंतरी अडतंय म्हणून. पण कुठं ते समजत नव्हतं. ते तुम्हीच सांगू शकत होता. घरी येऊन मला म्हणले, मॅडम एवढ्या पटकन छान म्हणत नसतात. सांगतील एक दिवस." मग तिनं ती फट मला दाखवली. "हा सरस सुटलेला नाय. त्यांनी लावलाच पातळ होता, पाणी घालून. तुम्ही सांगितलं की एका दुपारात उघडता यावा."

चहा तसाच राहिला. जाताना तिनं विचारलं, फट बुजवून आणू का, बाजारात एकजण आहे. मी नको म्हटलं. पेन्सिल घेतली आणि फळीच्या डाव्या अंगावर, जिथं लाकूड जास्त आहे, तिथं हलक्या हातानं एक गोल काढला. कुठं घासायचं ते आता मी अचूक दाखवू शकते, तिला म्हणाले, पण घासणार कोण? शबानानं चप्पल घातली आणि जिना उतरून गेली.